तारव्वाच्या ट्रेमध्ये काय होतं

धारवाडला लोक पेढे आणायला जातात. मी शत्रूचा गड फोडायला गेले होते. पेढे आणलेच नाहीत, त्यावरून घरी अजून बोलणी खाते आहे.

आधी शत्रू कोण ते सांगते. 'नक्षत्रयान' ही हिंदी मालिका दर रविवारी सकाळी लागते. मी चौथीत असताना ती सुरू झाली, माझं कॉलेज संपलं तरी ती संपली नाही. चौथं पर्व चालू आहे. यानाचा कप्तान अजेय आतापर्यंत तीनदा मेला आणि तीनदा परत आला, दर वेळी आधीपेक्षा जाड होऊन. परग्रहावरची माणसं पहिल्या पर्वात हिरवी होती, दुसऱ्यात जांभळी, आणि चौथ्यात बहुधा रंगाचा खर्च परवडेना म्हणून नुसते टोकदार कान लावून भागवलंय. हेही मी सोसलं असतं. पण तारा! नावांच्या पाटीत 'यान की अभियंता' असं लिहून येतं, आणि चार पर्वं ही बाई काय करते? ट्रे घेऊन येते. ट्रे ठेवते. कप्तानाकडे बघते. संकट आलं की बेशुद्ध पडते.

आता मालिकेवाल्यांनी पडद्यावरून विचारलं होतं, "पाचवं पर्व काढावं का? प्रेक्षकांनी कळवावं." मिरजेत आमची 'जागा प्रेक्षक' समिती आहे. सभासद चार, त्यांतला एक नेहमी गैरहजर. पत्रक मी लिहिलं: "बंद करा! पुरे झालं हे खोटं! जिच्या हाती चार पर्वांत एकदाही पाना दिला नाही, त्या अभियंत्याच्या नावाने आम्ही निषेध करतो!" वाक्य थोडं पल्लेदार झालं, पण पत्रकात ते चालतं.

मिरज, सांगली, कोल्हापूर सह्यांनी भरलं. उरलं धारवाड. कारण मालिकेच्या शेवटी ते प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवतात आणि दर वेळी त्यात धारवाडचं कौतुकाचं पत्र असतंच. मला वाटायचं, हे गाव इतकं शिकलेलं, घरटी एक मास्तर नाहीतर वकील, यांना झालंय काय? तिथे माझ्या आईची आतेबहीण राहते, सुमतीअक्का. म्हटलं, अक्काकडे उतरायचं, गल्लीपासून सुरुवात करायची आणि गड घ्यायचा.

शुक्रवार, धारवाड

सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत अक्काचं घर. पुढे दोन खोल्या, मागे परस, परसात लिंबाचं झाड. अक्का कानडी शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झालेली, एकटीच असते, पण एकटी कधी सापडत नाही. मी पोचले तेव्हा तिच्या ओट्यावर चार बायका शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आली बघा मिरजेची पुढारीण," अक्का म्हणाली. "आधी जेवतीस का आधी क्रांती करतीस?"

आधी जेवले. ज्वारीची पातळ भाकरी, भरल्या वांग्याची एण्णगाई आणि शेंगांची चटणी. आमच्याकडे भाकरी ताटात पडताना आवाज येतो. इथली कागदासारखी दुमडते. आणि संपत आली की न विचारता दुसरी येते, तिला नको म्हटलं तर लोक तुमच्या तब्येतीची चौकशी करतात.

जेवून पत्रकं घेऊन निघाले. माझी आई अथणीकडची, त्यामुळे मला कानडी येतं, पण ते सगळं स्वयंपाकघरातलं. तिखट, मीठ, उतू गेलं, करपलं, वाढा, पुरे. निषेधाला लागणारं कानडी मला येत नाही. तरी पहिल्याच घरात जोर लावून सांगितलं की त्या मालिकेत तारा नुसता चहा वाढते, म्हणून मालिका बंद पाडायची आहे, सही करा.

ते घर मल्लप्पांचं. मूळचे अळणावरकडच्या खेड्यातले, आता हुबळीला गोकुळ रोडवर एका कारखान्यात फिटर. त्यांची बायको गंगव्वा दारातच पदर खोचून उभी राहिली.

"येन री इदु?" हे काय म्हणताय तुम्ही? "नम्म तारव्वा, आमची तारव्वा, चहा वाढते? कोण म्हणतं?"

"मी म्हणते. दर रविवारी बघते."

"मग डोळे तपासून घ्या बाई! मागच्या रविवारी यान पडणार होतं. तारव्वा इंजिनाखाली सरपटत गेली, तेल गळत होतं ती नळी घट्ट केली, तेव्हा ते जाडे साहेब वाचले!"

मागच्या रविवारचा भाग मी पाहिला होता. त्यात यान हललं, तारा किंचाळली आणि बेशुद्ध पडली. बस.

मी मल्लप्पांकडे पाहिलं. त्यांना मोडकं मराठी येतं. त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. "नळीचा वॉशर गेला होता. तिनं बदलला. चांगला हात आहे बाईचा."

त्यांची मुलगी गिरिजा आतल्या दारात पुस्तक घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुस्तक तोंडापुढे धरलं. पुस्तक हलत होतं.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी एका म्हाताऱ्या अप्पांनी मला दुसऱ्या पर्वात तारव्वाने यानाचं शेपूट कसं जोडलं ते हातवारे करून सांगितलं आणि वर "शिका जरा तिच्याकडनं" असा सल्ला दिला. एकही सही नाही. अख्खी गल्ली माझी थट्टा करते आहे असं मानून मी रागाने एण्णगाई दोनदा वाढून घेतली आणि झोपले.

शनिवार, हुबळी

दुसऱ्या दिवशी बस पकडून हुबळीला गेले. देशपांडे नगरात आईच्या ओळखीचे एक मराठी डॉक्टर आहेत. पेशंट बाहेर खोकत होते, डॉक्टर आत वर्तमानपत्र वाचत होते. पत्रक वाचून म्हणाले, "अगदी बरोबर. कंटाळवाणी झाली आहे. परवा ती तारा पुन्हा बेशुद्ध पडली. मी मोजायचं सोडून दिलं. नाडी कोणी बघत नाही, पाणी मारत नाही, नुसतं 'तारा! तारा!' अशी बोंब."

"म्हणजे तिने नळी घट्ट केली नाही?"

"कसली नळी?"

मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. मी वेडी नव्हते. डॉक्टरांनी सही केली आणि वर्तमानपत्र माझ्यापुढे सरकवलं. त्यात फोटो होता: तारा आणि कप्तान, गळ्यात हार. 'चौथ्या पर्वाचा शेवट रविवारी. तारा-अजेय विवाहबद्ध.' खाली लिहिलं होतं की लग्नानंतर तारा यान सोडून एका हिरव्या ग्रहावर संसार थाटणार.

"बघा!" मी ओरडले. बाहेरचे पेशंट खोकायचे थांबले.

बस येईपर्यंत कोपऱ्यावर गिरमीट खाल्लं. आमच्याकडचं भडंग त्याला आपली गरीब बहीण समजेल, पण चिंचेच्या पाण्यात भिजवलेले हे चुरमुरे शेजारी तळलेली मिरची घेऊन आले की भडंगाने गप्प बसावं. मी मिरची चावली आणि तेवढ्यात डोक्यात लख्ख पडलं. देशपांडे नगरातली तारा आणि सुभाष रोडमागची तारा वेगळ्या का? हिंदी येणाऱ्याची तारा बेशुद्ध पडते. हिंदी न येणाऱ्याची नळी घट्ट करते. आणि गल्लीत टीव्ही आहे कोणाकडे, हिंदी येतं कोणाला?

संध्याकाळी अक्काला गाठलं. ती तांदूळ निवडत होती.

"अक्का, रविवारी गल्ली तुमच्याकडे टीव्ही बघायला येते. हिंदी वाक्य झालं की ते कानडीत कोण सांगतं?"

"मी सांगते की. मग काय भिंत सांगेल?"

"आणि तारा इंजिनाखाली गेली हेही तुम्हीच सांगितलंत."

अक्काने एक खडा शोधून बाजूला टाकला. "गेली की. दिसली नाही तुला? खाली पडली ना ती? इंजिन खालीच असतंय."

"ती बेशुद्ध पडली होती!"

"तसं ते म्हणतात. मला तसं दिसलं नाही."

"आणि ट्रे?"

"ट्रे ती उंच धरते, वैजू. ट्रेमध्ये काय आहे ते चार पर्वांत एकदा तरी दाखवलं का त्यांनी? नाही ना? मग पाने असतात, नट-बोल्ट आवळायचे."

मी भांडले. अगदी आवाज चढवून भांडले. म्हटलं, हे खोटं आहे, लोकांची फसवणूक आहे, वाईट मालिकेला तुम्ही जगवता आहात, इथून जाणाऱ्या त्या पत्रांच्या जोरावर ते पाचवं पर्व काढतील! अक्काही मागे हटली नाही. शाळेत चाळीस पोरांवर कमावलेला आवाज तिने माझ्यावर सोडला. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. आम्ही मराठीत भांडत होतो एवढीच अब्रू राखली.

शेवटी ती दमून खाली बसली आणि हळू म्हणाली, "पहिल्या पर्वात गंगव्वानं विचारलं, अक्का, ही बाई काय काम करते? शेजारी गिरिजा बसली होती, एवढीशी. मला 'काही नाही' म्हणवेना. म्हटलं, इंजिन बघते. एकदा म्हटलं ते म्हटलं. मग दर रविवारी बघावंच लागलं तिला."

"आणि आता?"

"आता गिरिजा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेकॅनिकल. वर्गात पोरी दोनच. अळणावरकडनं स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, पण त्याची आई म्हणते लग्न आत्ताच, शिक्षण साकु, पुरे. गंगव्वा उद्या संध्याकाळी त्यांना शब्द देणार आहे. मल्लप्पा गप्प आहेत. घरात त्यांचं कोण ऐकतं?" तिने वर्तमानपत्रातल्या त्या फोटोवर बोट ठेवलं. "आणि उद्या सकाळी ही भवानी लग्न करून यान सोडणार. गंगव्वा काय म्हणेल सांग? 'तारव्वानंसुद्धा शेवटी सोडलंच की.'"

मग आठवण झाली की मी तत्त्वाची माणूस आहे, म्हणून म्हणाले, "खरं सांगायला हवं लोकांना."

"सांग की," अक्का म्हणाली. "गिरिजाच्या आईपासून सुरुवात कर."

रविवार, अक्काची पुढची खोली

सकाळी उठले तर अक्काचा आवाज गेलेला. पूर्ण. ती तोंड उघडत होती आणि दाराच्या बिजागरीसारखं काहीतरी बाहेर येत होतं. आदल्या दिवशीच्या भांडणाची ही फळं, आणि त्यातली निम्मी माझी. हळद घातलेलं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, काही उपयोग नाही. तिने माझ्याकडे बोट दाखवलं, मग टीव्हीकडे.

"मी? अक्का, माझं कानडी म्हणजे..."

तिने हात जोडले. अक्काने हात जोडणं मी पहिल्यांदा बघितलं. आणि गल्ली चपला काढून आत यायला लागली होती.

सतरंजीवर पुढे म्हातारे अप्पा. मधे गंगव्वा, संध्याकाळसाठी ठेवणीतलं इरकल आताच नेसून आलेली. तिच्या शेजारी मल्लप्पा. मागे भिंतीला टेकून गिरिजा. तिने नखं खायला सुरुवात केली होती. हिला शाळेत अक्कानेच हिंदी शिकवलं असणार हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. म्हणजे हिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं.

मालिका सुरू झाली. पहिलंच वाक्य कप्तानाचं: "इंधन समाप्त हो रहा है।" सगळी गल्ली माझ्याकडे वळली. इंधनाला कानडीत काय म्हणतात? मला माहीत नाही. मी म्हटलं, "तेल संपत आलंय. डब्याच्या तळाशी राहिलंय तेवढंच."

"अरेरे," गंगव्वा म्हणाली.

तारा ट्रे घेऊन आली. मी अक्काकडे बघितलं. अक्का डोळे मिटून बसली होती. माझ्या पिशवीत पत्रकं होती, 'पुरे झालं हे खोटं', माझ्याच अक्षरात. मी घसा साफ केला.

"तारव्वा आली," मी म्हटलं. "ट्रेमध्ये... इक्कळ आहे." इक्कळ म्हणजे सांडशी. मला येणारं तेवढं एकच अवजार.

"सांडशी?" म्हातारे अप्पा म्हणाले.

"मोठी सांडशी. यानाची."

मग मी सुटलेच. यानाची शेगडी पेटेना, तारव्वाने राख काढली. नळी चोंदली होती, तिने उलथन्याने खरवडली. मग आच फार झाली आणि यान उतू जायला लागलं, तिने झाकण काढलं. ज्या बाईला चार पर्वं स्वयंपाकघरात कोंडलं म्हणून मी तीन गावांत बोंब मारली होती, तिचं इंजिन मी सांडशी आणि उलथन्याने दुरुस्त करत होते, कारण मला तेवढेच शब्द येत होते. गंगव्वाला मात्र हे फार पटलं. "आज नीट समजलं," ती शेजारणीला म्हणाली. "अक्का सांगते ते वॉशर-बिशर कळत नाही मला. उतू जाणं कळतं."

अक्काने एक डोळा उघडून माझ्याकडे असं बघितलं की मला मिरजेला जावंसं वाटलं.

आणि मग लग्न आलं. यानातच मांडव. सनई वाजायला लागली. तारा शालू नेसून खाली मान घालून. सनईला कानडीत काय दुसरं नाव देणार?

तेवढ्यात मल्लप्पा उठले, टीव्हीजवळ गेले आणि त्यांनी आवाज पार बंद केला. "बाईंचं ऐकू येत नाही," ते म्हणाले आणि जागेवर येऊन बसले.

आता पडद्यावर मुकी माणसं होती. कप्तानाने ताराच्या गळ्यात हार घातला. ताराने कप्तानाच्या. कोणीतरी शाल दिली. नारळ दिला. सगळे टाळ्या वाजवत होते.

हार, शाल, नारळ, टाळ्या. हे मी कुठे पाहिलंय? प्रत्येक शाळेत, प्रत्येक कचेरीत, बँकेत, पतपेढीत. मी जवळजवळ ओरडले, "साहेब निवृत्त झाले!"

"हां!" म्हातारे अप्पा. ते स्वतः तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. "किती जाड झाले होते. व्हायलाच हवे होते."

"त्यांना हार घातला. आणि तारव्वाला हार, कारण आता यान तिच्या ताब्यात. साहेबांच्या खुर्चीवर ती."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. पडद्यावरच्या आणि खोलीतल्या टाळ्या एक झाल्या. मग यान हिरव्या ग्रहावर उतरलं, तारा शिडीने खाली आली आणि डोळ्यांत पाणी आणून तिने मागे यानाकडे बघितलं. तिथेच चित्र थांबलं.

"खाली का उतरली?" गंगव्वाने विचारलं.

"खालून तपासायला. निघायच्या आधी खालून तपासावं लागतं."

"मग रडते का?"

"पहिल्यांदा एकटीवर यान आलंय. रडू येतंच की."

गंगव्वा पडद्याकडे बघत राहिली. "आणि हिचं लग्न?"

"मागणी घातलीय एकाने. तिने सांगितलंय, हे काम पुरं होऊ दे."

"निल्तान?" थांबेल तो?

"निल्तान," मी म्हटलं. "माणूस चांगला असला तर थांबेल."

पत्रं वाचण्याची वेळ झाली, पण आवाज बंदच होता. लोक उठले, चपला शोधायला लागले. गंगव्वा बसून होती. मग इरकलाचा पदर सारखा करत तिने मागे न बघताच विचारलं, "गिरिजा, तुझी ती शेवटची परीक्षा कधी?"

"उन्हाळ्यात, अव्वा."

"मग उन्हाळ्यानंतर बघू म्हणून सांगू त्यांना. थांबतात का बघू तरी."

गिरिजा उठून आत गेली आणि मोरीत नळ सोडून खूप वेळ तोंड धूत राहिली. अक्का मात्र बोलायचा प्रयत्न करत होती. बिजागरी करकरली. मी कान जवळ नेला.

"सांडशी," अक्का म्हणाली. "शरम नाही वाटली?"

सोमवार, गोकुळ रोड

माझी गाडी हुबळीहून होती. मल्लप्पा कामावर निघाले होते, त्यांनी माझी पिशवी घेतली आणि म्हणाले, कारखान्याजवळ चहा पिऊ, मग रिक्षात बसवून देतो. बसमध्ये माझ्या डोक्यात समितीला काय सांगायचं ते चाललं होतं.

चहाच्या गाड्यावर त्यांच्या कारखान्यातला एक मिस्त्री उभा होता, उत्तरेकडचा. तो मल्लप्पांना बघून हसला.

"क्या मल्लप्पा भाई, कल शादी देखी तारा की?"

"देखी," मल्लप्पा म्हणाले. "पूरी देखी. वो मोटा उसको जहाज से उतार के ले गया। अच्छा नहीं किया।" आणि पुढे त्या दोघांनी कारखान्यातल्या कुठल्याशा बिघडलेल्या यंत्रावर अशा खडखडीत हिंदीत चर्चा केली की माझा चहा हातात निवला.

मिस्त्री गेल्यावर मी विचारलं, "तुम्हाला हिंदी येतं?"

"इथं निम्मी माणसं बाहेरची आहेत बाई. फिटरला हिंदी नको?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"घरात टीव्ही आला तर अक्काकडं जावं लागणार नाही, म्हणून मी टीव्ही घेतला नाही," मल्लप्पा म्हणाले. "माझं कोण ऐकतंय घरात? तारव्वाचं ऐकतात." त्यांनी बशी खाली ठेवली. "काल मात्र भीती वाटली. तुम्ही कागदवाल्या. म्हटलं, ही खरं सांगते की काय."

मग त्यांनी पत्रक मागितलं. सहीची जागा विचारली. माझं पेन घेतलं, 'बंद करा' वर नीट, सरळ, पट्टीने मारावी तशी रेघ मारली आणि खाली कानडीत सही केली.

तर धारवाड-हुबळीहून मी दोन सह्या आणल्या. डॉक्टरांची बाजूने, मल्लप्पांची विरोधात. समितीची बैठक मिरजेत झाली. गैरहजर सभासद नेमका हजर होता आणि त्याने विचारलं, "बरोबरी झाली. मग धारवाडचं मत काय धरायचं?"

मी म्हटलं, धारवाडचं मत: मालिका रद्दी आहे, कप्तान जाड आहे, कान खोटे आहेत, आणि ती चालूच राहिली पाहिजे, निदान उन्हाळ्यातल्या परीक्षेपर्यंत. समितीने मला काढलं नाही, कारण पत्रकं मीच लिहिते.

हे सगळं मी छापायला देते आहे ते एकाच भरवशावर: गंगव्वाला मराठी वाचता येत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या गल्लीत गेलात, तर एण्णगाई जरूर खा, पण तारव्वाविषयी तोंड उघडू नका. आणि कोणी विचारलंच ट्रेमध्ये काय होतं, तर पाने म्हणा. सांडशी म्हणू नका, अक्का अजून माझ्याशी धड बोलत नाही.